विश्लेषण : फॅसिस्ट राज्य प्रत्यक्षात चालते कसे? मुसोलिनीच्या इटलीत कायदा, पोलीस आणि पक्षाचे काय झाले?

‘फॅसिस्ट’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. न आवडणारा नेता, कडक मुख्याध्यापक, फार काय सोसायटीचा चेअरमनही त्यातून सुटत नाही. मात्र ज्या देशात हा शब्द जन्मला त्या इटलीत ती २० वर्षे आणि ९ महिने राज्यकारभाराची पद्धत होती. त्या काळात तेथे न्यायालये भरत होती, मतदान होत होते, वर्तमानपत्रे रोज सकाळी निघत होती. १८४८ सालची राज्यघटनाही कधी रद्द झाली नाही. मग नेमके बदलले काय?

सिद्धान्त काय सांगत होता?

इटालियन भाषेत ‘फाशिओ’ म्हणजे मोळी किंवा जुडी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे काठ्यांची मोळी आणि तीत खोवलेली कुऱ्हाड घेऊन सेवक चालत. एक काठी मोडते, मोळी मोडत नाही, आणि शिक्षा देण्याचा अधिकार कुऱ्हाडीत, असा त्याचा अर्थ. बेनितो मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये संघटना स्थापन केली तेव्हा हेच चिन्ह उचलले. त्यावेळी हातात सुसंगत विचार फारसा नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत या गटाला एकही जागा मिळाली नाही.

विचार नंतर लिहिला गेला. सत्ता मिळून दहा वर्षे झाल्यावर, १९३२ मध्ये, इटालियन विश्वकोशात ‘फॅसिझम’ ही नोंद आली. ती मुसोलिनीच्या नावावर छापली गेली असली तरी तिचा तात्त्विक भाग जोव्हान्नी जेन्तिले या तत्त्वज्ञाने लिहिला होता. त्याचे सार असे : व्यक्तीला राज्याबाहेर स्वतंत्र अस्तित्व नाही. कामगार संघटना, शाळा, क्रीडामंडळ, कुटुंब सारे राज्याच्या पोटात. वर्गकलह नको, पक्षांची भांडणे नकोत, राष्ट्र हे एक शरीर आणि त्याचे डोके एक. ‘टोटॅलिटेरियन’ हा शब्द मात्र फॅसिस्टांचा नव्हे. उदारमतवादी पत्रकार आणि खासदार जोव्हान्नी अमेन्दोला यांनी १९२३ मध्ये तो टीका म्हणून वापरला. फॅसिस्टांना तो इतका आवडला की त्यांनी तो बिरुदासारखा मिरवला. अमेन्दोलांना फॅसिस्ट टोळीने बेदम मारहाण केली आणि त्या जखमांतून न सावरता १९२६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

सत्ता बंडाने मिळाली की नेमणुकीने?

शाळेच्या पुस्तकात ‘रोमवरील मोर्चा’ असतो. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९२२ मध्ये राजधानीकडे निघालेले काळे शर्टवाले पावसात भिजलेले होते आणि त्यांच्याकडील शस्त्रेही अपुरी होती. लष्कराने त्यांना रोखले असते. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांनी लष्करी कायदा लागू करण्याचा हुकूम तयार केला होता. २८ ऑक्टोबरच्या सकाळी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही करण्यास नकार दिला. दोन दिवसांनी मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या रेल्वेने, शयनयानातून, रोमला आला आणि पंतप्रधान झाला. मोर्चेकऱ्यांची मिरवणूक त्यानंतर निघाली.

याआधीची दोन वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना आणि समाजवादी नगरपालिका बलवान झाल्या होत्या. १९२० च्या सप्टेंबरमध्ये उत्तरेतील कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. जमीनदार घाबरले. त्यांनी फॅसिस्ट टोळ्यांना पैसा आणि वाहने पुरवली. रात्री ट्रकमधून टोळी यायची, संघटनेचे कार्यालय जाळायची, पुढाऱ्याला सोटा आणि एरंडेल तेल. बळजबरीने पाजलेल्या एरंडेलाने माणूस गावासमोर घाण होऊन बसे. शरीराच्या जखमेपेक्षा ही नाचक्की अधिक काळ टिके, आणि तोच हेतू होता. पोलीस बहुधा उशिरा येत.

नोव्हेंबर १९२२ मध्ये विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा ५३५ सदस्यांच्या सभागृहात फॅसिस्ट होते अवघे ३५. तरी मुसोलिनीला ३०६ मते मिळाली. उदारमतवाद्यांनी दिली, कॅथलिक पक्षानेही दिली. त्यात अल्चिदे दे गास्पेरी होते, ज्यांना पुढे याच राजवटीने १९२७ मध्ये तुरुंगात टाकले आणि जे युद्धानंतर देशाचे पंतप्रधान झाले. या सर्वांचा हिशेब एकच होता. जबाबदारी अंगावर पडली की हा माणूस निवळेल, तोवर तो डाव्यांना आवरेल.

संसद कशी संपली?

बहुमताने. १९२३ च्या अचेर्बो कायद्याने असे ठरले की सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यादीला किमान २५ टक्के मते असतील तर दोनतृतीयांश जागा मिळतील. कायदा संमत होताना प्रेक्षक सज्जात काळे शर्टवाले बसले होते. एप्रिल १९२४ ची निवडणूक मारहाण, धाकदपटशा आणि मतपेट्यांतील गैरप्रकारांत पार पडली. सरकारी यादीला सुमारे ६५ टक्के मते मिळाली, म्हणजे त्या कायद्याची तशी गरजही उरली नाही.

समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती यांनी ३० मे रोजी सभागृहात या गैरप्रकारांची जंत्री वाचली आणि निवडणूक रद्द करण्याची मागणी केली. १० जूनला रोममध्ये भरदिवसा त्यांना मोटारीत कोंबून नेले. मृतदेह ऑगस्टमध्ये मिळाला. मारेकऱ्यांचे धागेदोरे थेट मुसोलिनीच्या कार्यालयापर्यंत पोहोचत होते. देश हादरला, पक्षाचे बिल्ले लोकांनी कोटावरून काढले. विरोधी खासदारांनी संसदेवर बहिष्कार टाकला आणि राजा आता तरी काही करील याची वाट पाहिली. राजाने काहीच केले नाही. सहा महिने हा खेळ कोणत्याही बाजूला झुकू शकत होता. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी सभागृहात उभा राहिला आणि जे घडले त्या सगळ्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी आपली असल्याचे त्याने सांगून टाकले. हिंमत असेल तर खटला भरा, असे ते आव्हान होते. कोणीही पुढे आले नाही. हुकूमशाहीची खरी तारीख सांगायचीच तर २८ ऑक्टोबरपेक्षा ही अधिक योग्य.

मारेकऱ्यांवर मार्च १९२६ मध्ये खटला चालला, हेही नोंदवायला हवे. तिघांना जेमतेम सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातील बरीचशी माफीत गेली. मुख्य आरोपीचा वकील होता रोबेर्तो फारिनाच्ची. तो त्या वेळी फॅसिस्ट पक्षाचा सरचिटणीस होता.

कायदा मोडला की कायदाच केला?

पुढच्या दोन वर्षांतले काम मुख्यत्वे कायदेमंत्री अल्फ्रेदो रोक्को याचे. तो टोळीवाला नव्हता, कायद्याचा प्राध्यापक होता. डिसेंबर १९२५ च्या कायद्याने सरकारप्रमुख संसदेऐवजी केवळ राजाला उत्तरदायी झाला. त्याच्या संमतीशिवाय संसदेच्या कामकाजात कोणताही विषय घेता येणार नव्हता. सरकारच्या धोरणाशी विसंगत वागणाऱ्या सरकारी नोकराला काढता येऊ लागले, मग ते वागणे कचेरीबाहेरचे का असेना. जानेवारी १९२६ मध्ये मंत्रिमंडळाला कायद्याचे बळ असलेले हुकूम काढण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी निवडून आलेले महापौर आणि नगरपालिका संपल्या. त्यांच्या जागी सरकारने नेमलेला ‘पोदेस्ता’ आला. आपल्या भाषेत प्रशासक.

ऑक्टोबर १९२६ मध्ये बोलोन्यात मुसोलिनीवर गोळी झाडली गेली. संशयित म्हणून जमावाने जागीच ठार मारलेला अन्तेओ झांबोनी १५ वर्षांचा होता. काही दिवसांतच उरलेले पक्ष विसर्जित झाले, पारपत्रे रद्द झाली, फाशीची शिक्षा परत आली आणि ‘राज्याच्या संरक्षणासाठी विशेष न्यायाधिकरण’ स्थापन झाले. त्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर लष्कर आणि फॅसिस्ट मिलिशियाचे अधिकारी बसत. अपील नव्हते. १९४३ पर्यंत या न्यायाधिकरणाने सुमारे साडेचार हजार जणांना शिक्षा ठोठावल्या. ३१ जणांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला. मार्क्सवादी विचारवंत अन्तोनिओ ग्रामशी खासदार असूनही याच सुमारास पकडले गेले. १९२८ मध्ये त्यांना २० वर्षांहून अधिक शिक्षा झाली. १९३७ मध्ये ते गेले.

स्टॅलिनच्या किंवा हिटलरच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत, असे म्हणणारे म्हणतात. खरे आहे. मात्र दडपशाहीचे खरे हत्यार न्यायाधिकरण नव्हतेच.

मग खरे हत्यार कोणते?

त्याला ‘कॉन्फिनो’ म्हणत. आपल्याकडील तडीपारीसारखे, पण उलट्या दिशेने. तडीपार माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात. कॉन्फिनोत माणसाला लिपारी, उस्तिका, पोन्झा, व्हेन्तोतेने अशा बेटांवर किंवा दक्षिणेतल्या एखाद्या कोरड्या खेड्यात नेऊन ठेवत. गुन्हा सिद्ध करण्याची गरज नसे, खटला नसे. जिल्ह्याच्या प्रीफेक्टच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवी आणि माणूस पाच वर्षांपर्यंत आत जाई. मुदत वाढवताही येई. दहा हजारांहून अधिक लोक या वाटेने गेले. त्यात कम्युनिस्ट होते, तसेच खाणावळीत दारूच्या नशेत मुसोलिनीवर विनोद करणारेही होते.

त्यामागे पोलिसांचे जाळे होते. १९२६ ते १९४० एवढा काळ पोलीसप्रमुख राहिलेला आर्तुरो बोक्कीनी हा फॅसिस्ट चळवळीतला नव्हे, जुन्या राज्याच्या नोकरशाहीतला माणूस. त्याच्या गुप्त पोलीस विभागाचे नाव होते ‘ओव्हरा’. या अक्षरांचा अर्थ अधिकृतपणे कधी सांगितला गेला नाही. न कळणाऱ्या नावाची दहशत अधिक, हे त्याला नेमके ठाऊक असावे. पगारी खबरे होतेच, शिवाय निनावी पत्रे येत. शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, दुकानाची स्पर्धा, जुने प्रेमप्रकरण, सारे देशद्रोहाच्या तक्रारीचे रूप घेऊन पोलिसांच्या टेबलावर पोहोचे.

पक्ष मोठा की प्रीफेक्ट?

सिद्धान्त आणि व्यवहार यांतली फट येथे स्पष्ट दिसते. क्रांती झाली म्हणजे पक्ष राज्य करणार, असे सोटेवाल्यांना वाटत होते. जानेवारी १९२७ मध्ये मुसोलिनीने परिपत्रक काढून सांगितले की जिल्ह्यात राज्याचा सर्वोच्च प्रतिनिधी प्रीफेक्ट आहे आणि पक्षाच्या स्थानिक चिटणीसानेही त्याच्या हाताखाली राहायचे. आता रस्त्यावरची मारामारी गैरसोयीची झाली होती.

पक्षाला मग दुसरे काम मिळाले : लोकांची नोंद ठेवणे. मुलांसाठी ‘बालिल्ला’, कामगारांच्या फावल्या वेळेसाठी ‘दोपोलावोरो’. या दुसऱ्या संस्थेत १९३० च्या दशकाच्या शेवटी सुमारे ४० लाख सभासद होते. स्वस्तातल्या सहली, नाटके, सिनेमा, गोट्यांसारखा ‘बोच्चे’चा खेळ. अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या सहलींत. हे विसरून त्या काळाचा हिशेब लागत नाही. सरकारी नोकरीसाठी पक्षाचे सभासदपत्र लागू लागले तेव्हा लोक त्याला ‘भाकरीचे कार्ड’ म्हणू लागले. पक्षाच्या ‘पीएनएफ’ या आद्याक्षरांचा घरगुती अर्थ होता ‘कौटुंबिक गरजेपोटी’.

१९३१ मध्ये विद्यापीठातील प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार देणारे मोजून डझनभर. गणितज्ञ विटो व्होल्तेरा त्यांपैकी एक, त्यांची नोकरी गेली. बाकीच्यांना घर होते, मुले होती, संशोधन होते. त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. पण एक सही मागणारे राज्य नेमके याच गोष्टींवर चालते.

कामगार आणि मालक खरेच एका टेबलावर बसले का?

कागदावर हीच फॅसिझमची सर्वात मोठी देणगी होती. भांडवलशाही नको, साम्यवादही नको, प्रत्येक उद्योगाचे एक ‘कॉर्पोरेशन’ असेल आणि त्यात मालक व कामगार मिळून निर्णय घेतील. प्रत्यक्षात १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला आणि मान्यता फक्त फॅसिस्ट कामगार संघटनेला मिळाली. कारखान्यांतील निवडून आलेल्या समित्या त्याआधीच मोडल्या होत्या. बहुचर्चित २२ कॉर्पोरेशन्स स्थापन व्हायला १९३४ साल उजाडले. त्यात मालकांच्या वतीने मालक बसत, कामगारांच्या वतीने मात्र पक्षाने नेमलेले अधिकारी. १९२७ आणि १९३० मध्ये देशभर मजुरी कापली गेली, तेव्हा कामगारांच्या बाजूने बोलायला कोणी उरले नव्हते. आगगाड्या वेळेवर धावत होत्या, ही आख्यायिका मुख्यत्वे प्रमुख मार्गांवरून फिरलेल्या परदेशी पर्यटकांनी पसरवली.

वर्तमानपत्रांचे काय?

बंदी क्वचितच घालावी लागली. प्रत्येक पत्राचा जबाबदार संपादक प्रीफेक्टला मान्य असावा लागे आणि पत्रकाराला अधिकृत नोंदवहीत नाव असल्याशिवाय काम करता येत नसे. ‘कोरिएरे देला सेरा’चे संपादक लुइजी अल्बेर्तिनी यांना १९२५ मध्ये मालकीसह बाहेर पडावे लागले. पत्राचे नाव, टाइप, मांडणी तीच राहिली, आतला माणूस बदलला. नंतर सरकारकडून रोज सूचना येऊ लागल्या. पातळ कागदावर असल्याने त्यांना ‘वेलिने’ म्हणत. कोणती बातमी मोठी, कोणती छोटी, ड्यूचेचे कोणते छायाचित्र छापू नये, सारे त्यात असे.

आणि मतदान? १९२९ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने ४०० नावांची एकच यादी केली आणि लोकांना विचारले, हो की नाही. ‘हो’ची मतपत्रिका तिरंगी, ‘नाही’ची पांढरी. त्या वर्षी सुमारे १ लाख ३६ हजार लोकांनी ‘नाही’ म्हटले. १९३४ मध्ये असे लोक उरले सुमारे १५ हजार.

जर्मनीत हेच झाले का?

वेग आणि रक्तपात यांत फार फरक होता, पण सांगाडा ओळखीचा होता. बर्लिनमध्ये वकिली करणारे एर्न्स्ट फ्रेन्केल १९३८ मध्ये देश सोडून गेले आणि १९४१ मध्ये त्यांचे ‘द ड्युअल स्टेट’ हे पुस्तक आले. त्यांचे निरीक्षण असे की अशा देशात दोन राज्ये शेजारी शेजारी नांदतात. एकात करार पाळले जातात, भाडेकरूंचे खटले चालतात, कर भरले जातात. दुसऱ्यात पोलिसांच्या मर्जीला कोणताच नियम लागू नसतो. कोणते प्रकरण कोणत्या राज्यात पडेल, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. बहुसंख्य नागरिकांचा रोजचा संबंध पहिल्याशीच येत असल्याने त्यांना सारे सुरळीत वाटत राहते. इटलीत राजा, लष्कर आणि १९२९ च्या करारानंतर चर्च ही बळे शिल्लक होती, त्यामुळे मुसोलिनीला हिटलरइतकी मोकळीक कधीच मिळाली नाही.

भारतातून काय दिसत होते?

वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे. रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये इटलीत गेले, सरकारी पाहुणचारात त्यांनी चांगले उद्गार काढले आणि बाहेर पडल्यावर निर्वासितांकडून खरी हकिकत ऐकून जाहीरपणे टीका केली. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी मुसोलिनीला भेटले, ‘बालिल्ला’चे लष्करी शिक्षण पाहून प्रभावित झाले. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. महात्मा गांधीही डिसेंबर १९३१ मध्ये मुसोलिनीला भेटले होते. पुढे महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर, तर शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरील लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे राज्य पडले कसे आणि मागे काय उरले?

१९३८ मध्ये ज्यूंविरोधी कायदे झाले. इटलीत हजारी जेमतेम एक ज्यू, त्यांपैकी कित्येक फॅसिस्ट पक्षाचे सभासदही होते. शिक्षक, विद्यार्थी, अधिकारी रातोरात बाहेर पडले. त्याच ऑगस्टमध्ये त्यांची स्वतंत्र गणना झाली होती. तो फक्त कचेरीतला कागद होता. १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्यावर अटकसत्रांना अशाच याद्यांचा आधार मिळाला. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममध्ये पकडून ऑश्वित्झला पाठवलेल्या हजाराहून अधिक लोकांपैकी परतले १६.

त्याआधी, २५ जुलै १९४३ च्या पहाटे, पक्षाच्याच सर्वोच्च मंडळाने १९ विरुद्ध ७ मतांनी मुसोलिनीविरुद्ध ठराव केला होता. दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या होत्या. त्याच दिवशी राजाने त्याला बोलावून बडतर्फ केले आणि बाहेर पडताच अटक करवली. ज्या घटनात्मक अधिकाराने १९२२ मध्ये नेमणूक झाली, त्याच अधिकाराने ती संपली. म्हणजे तो अधिकार एकवीस वर्षे राजाच्या हाती होता. १९४६ च्या सार्वमतात इटालियनांनी राजेशाही संपवली.

१ जानेवारी १९४८ पासून नवी राज्यघटना लागू झाली आणि फॅसिस्ट पक्षाच्या पुनर्स्थापनेला तिने मनाई केली. मात्र रोक्कोच्या नावाने ओळखली जाणारी १९३० ची दंडसंहिता, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. जुने प्रीफेक्ट आणि न्यायाधीश मोठ्या संख्येने कामावर राहिले. वंशविषयक कायद्यांखाली कोणाला ज्यू मानायचे नाही, हे ठरवण्यासाठी एक मंडळ नेमले गेले होते. त्याचे अध्यक्ष होते गाएतानो अझारिती. नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे रक्षण करण्यासाठी प्रजासत्ताकाने घटनात्मक न्यायालय स्थापन केले, तेव्हा १९५७ मध्ये त्याच्या अध्यक्षपदी हेच अझारिती आले आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते.